कार्पेट घासायचं नसतं

परवा रामवाडीला एका वकिलाच्या नव्या ऑफिसात बसले होते. काम वाटणीच्या कागदांचं, ते जाऊ दे. समोर एक बाई गुडघे टेकून कार्पेटवर सांडलेला चहा प्लास्टिकच्या ब्रशने खसाखसा घासत होती. मी दोन मिनिटं गप्प बसले. माझ्या स्वभावाला दोन मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. मग म्हटलंच, "अगो, घासतेस काय त्याला? टीप! फडकं दाब नि उचल, दाब नि उचल." वकील चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायला लागले. अशिलाने आपले कागद वाचावेत, कार्पेटात नाक खुपसू नये, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी खुपसलं. बावीस वर्षं मी तेच काम केलं आहे, आणि कार्पेट कोणी घासायला घेतलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लोकांना वाटतं, साफसफाईत शिकायचं काय असतं? झाडू धरता आला की झालं. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा तरी पावसाळ्यातलं कार्पेट साफ करायला दिलं असतं. तांबडी माती बुटांना लागून आत आलेली, खिडक्या बंद, एसी चालू, आणि खालून कुबट वास. करा म्हणावं. दुपारपर्यंत पळून जाल.

मी दहावी झालेली, पेणजवळच्या एका गावात दिलेली. घरी भाताची शेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. घरधनी डोलवीला कंपनीत ठेक्यावर. मीही ठेक्यावरच लागले, पण रोह्याला, एका रसायनांच्या कंपनीच्या ऑफिसात, साफसफाईला. सासूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाली, "घरची जमीन सारवाया हिला जीवावर येतं, नि कंपनीची पुसाया निघाली." मी म्हटलं, "आई, तिकडं जमीन दिसतच नाय. तिला गोधडी पांघरलीय." ती चार दिवस बोलली नाही. मी पाचव्या दिवशी कामावर गेले.

सकाळी सहाला रामवाडीच्या नाक्यावर कंपनीची बस यायची. वडखळ, नागोठणं करत रोह्याला. ऑफिसची इमारत तीन मजली, खालचे दोन मजले फरशीचे, वरचा साहेब लोकांचा. तिथे कार्पेट. बिस्किटी रंगाचं, हातभर लांबीरुंदीचे चौकोनी तुकडे एकमेकांना खेटून चिकटवलेले. दुरून बघावं तर एक सलग अंथरूण.

पहिल्या आठवड्यात मशीनवाल्यांनी मुंबईहून एक म्हातारा पाठवला होता, शिकवायला. त्याला आम्ही वस्ताद म्हणायचो. तीन दिवस राहिला आणि तीन दिवसांत मला बावीस वर्षांची भाकरी देऊन गेला. तो म्हणायचा, कार्पेटचा खरा वैरी वर दिसणारा डाग नव्हे, तळाशी बसलेली माती. ती बारीक काचेसारखी असते, चालणाऱ्याच्या पायाखाली लव, म्हणजे कार्पेटचे वरचे उभे धागे, कापत राहते. म्हणून आधी सुकं, मग ओलं. व्हॅक्यूम पुढे नेताना भरभर न्या, मागे ओढताना सावकाश, कारण माती मागे येताना निघते. एका जागेवरून चार वेळा. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा, गच्च भरायची वाट बघू नका. दारात पायपुसणं लांबलचक हवं, माणसाची पाच पावलं तरी त्यावर पडली पाहिजेत. पाणी घालायचंच झालं तर हात आखडून घाला आणि सुकेपर्यंत पंखा लावून ठेवा. आणि काहीही सांडलं तरी घासायचं नाही. घासलं की डाग लवेच्या मुळाशी जातो आणि तिथे घर करतो.

आम्ही दोघी शिकलो. दुसरी माझी जोडीदारीण, वडखळच्या अलीकडे नदीकाठी आदिवासी वाडी आहे, तिथली. माझ्याच वयाची. नवरा वारलेला. बोलायची मोजून, पण हात असा की वस्तादसुद्धा बघत उभा राहायचा. मशीनच्या आवाजावरून तिला कळायचं की पिशवी भरत आली. मी म्हणायचे, "अजून जागा हाय गो." ती बटण बंद करून पिशवी काढायची, आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं. मला राग यायचा, कारण वाचता मला येत होतं आणि मशीन तिला कळत होतं.

तिच्यासाठी ते काम म्हणजे काय होतं, हे सांगितलं पाहिजे. तिची वाडी दिवाळी झाली की रिकामी व्हायची. सगळे वीटभट्टीवर, बायकापोरं, भांडीकुंडी घेऊन, पाऊस तोंडावर येईपर्यंत. ती चालायला लागल्यापासून जात होती. भट्टीबद्दल तिने मला एवढंच सांगितलं होतं, "तिथं बाईला ताप येवो नाय तर पाळी येवो, चिखल थांबत नाय." नवरा गेल्यावर तिने ठरवलं की आता भट्टी बंद. कंपनीचा गेटपास, तो प्लास्टिकमधला फोटो, गळ्यात असेपर्यंत भट्टी बंद. पास गेला की पुन्हा चिखल. इतकं सरळ होतं ते. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "अगो, झोपतेस पण का तो घालून?" ती म्हणाली, "व्हय." आणि ती चेष्टा करत नव्हती.

आमच्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर होता. आमच्या पेणचाच, पन्नाशी उलटलेला, केसांना मेंदी लावणारा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, आणि हा बाप्या मला मावशी म्हणायचा! साफसफाईला लागलेली बाई अठरा वर्षांची असली तरी ऑफिसात ती मावशीच. म्हणजे नाव लक्षात ठेवायला नको. मीही त्याला एकदा सगळ्यांसमोर "काय रे भाच्या" म्हणून हाक मारली होती. तेव्हापासून त्याचं माझ्याशी वाकडं. संडासाचं ॲसिड सोडलं तर बाकी सगळ्या कडक औषधांच्या बाटल्या तो स्टोअरला कुलूप लावून ठेवायचा आणि किल्ली कमरेला. आम्हाला सकाळी मापाने काढून द्यायचा, जणू अत्तरच वाटतोय.

आता त्या संक्रांतीचं. साहेब लोकांच्या बायकांनी ठरवलं की यंदा हळदीकुंकू ऑफिसातल्या मोठ्या हॉलमध्ये करायचं. करा की, हॉल तुमचा. गुरुवारी दुपारी टेबलं बाजूला सरकली, कार्पेटवर सतरंजी घाला असं मी म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, "शोभा जाते मावशी." शोभा! हळदीची ताटं, तिळगूळ, वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या. आम्ही दोघी दारापाशी उभ्या, काही सांडलं-लवंडलं तर बघायला. शेवटी एका बाईसाहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. म्हणाल्या, "ये ना, तूही घे." मी गेले, कपाळ पुढे केलं, वाटी घेतली. जोडीदारणीला कोणी बोलावलं नाही. तिला मंगळसूत्र नव्हतं. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. मी ती वाटी घ्यायला नको होती. घेतली, खोटं कशाला बोलू.

चारच्या सुमाराला कोणाचा तरी पदर अडकला आणि हळदीचं एक ताट कार्पेटवर पालथं झालं. बायकांनी "अगंबाई!" केलं आणि पायाने बाजूला सरकून बोलणं पुढे चालू ठेवलं. जोडीदारीण लगेच व्हॅक्यूम आणायला निघाली. सुकी हळद होती, सुकीच ओढून घेतली असती तर चिमूटभर पिवळी झाक राहिली असती, तीही जागच्या जागी गेली असती. पण सुपरवायझर आडवा आला. "पाहुण्यांसमोर घुर्र घुर्र नको. साडेचारची बस आहे तुमची. जावा." ती म्हणाली, "पाणी नका लावू त्याला. सकाळी येऊन काढते." तो म्हणाला, "मला शिकव आता तू." आम्ही गेलो.

शुक्रवारी सकाळी हॉलचं दार उघडलं आणि मी जागीच थिजले. परातीएवढा लालभडक डाग. कोंबडं कापलंय असं वाटावं. डागाच्या कडा ओल्या, लव घासून घासून उभी राहिलेली. आणि तिथे प्रशासनाचे साहेब आणि आमचा मेंदीवाला, दोघे हात मागे बांधून उभे. आम्हाला बघितल्याबरोबर मेंदीवाल्याने बोट केलं जोडीदारणीकडे. "हिनंच साहेब. काल जाता जाता संडासाचं ॲसिड ओतून घासलं. अडाणी बाई, बाटलीवरचं वाचता येत नाही. मी नको म्हणत होतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी साहेबांकडे बघितलं. साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. सोमवारी मुंबईहून मोठे साहेब यायचे होते आणि बैठक ह्याच हॉलमध्ये. घाईतल्या माणसाला खरं-खोटं नको असतं, कोणाचं तरी एक नाव हवं असतं. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पास द्या बाई." तिने पास गळ्यातून काढला आणि दिला. तिचा हात मात्र तसाच गळ्यापाशी राहिला.

मग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं थांबा, नाहीतर माझापण पास घ्या." उत्तराची वाट न बघता पॅन्ट्रीत गेले. कालची हळदीची पुडी उरली होती. दोन पांढऱ्या बश्या घेतल्या, दोन्हींत ओल्या कागदी रुमालावर हळद चोळली. संडासातली ॲसिडची बाटली उघड्यावर असायची, ती आणली. आणि मेंदीवाल्याला म्हटलं, "कॅन्टीनच्या फरशीवरचं तेल काढायचं ते कडक पाणी द्या. किल्ली तुमच्याच कमरेला हाय." तो म्हणाला, "साहेब, हा काय पोरखेळ..." साहेब म्हणाले, "द्या."

पहिल्या बशीत ॲसिडचे दोन थेंब टाकले. हळद पिवळी ती पिवळीच राहिली. दुसऱ्या बशीत कॅन्टीनचं पाणी टाकलं. थेंब पडल्या पडल्या लाल! समोरच्या डागासारखा लाल. मी बशी साहेबांच्या नाकाखाली धरली. "हळदीला खार, म्हणजे साबण-सोड्याचं पाणी, लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वी असंच करायचे घराघरांत. हळदीच्या लुगड्याला साबण लागला की काय होतं, हे माझ्या सासूला कळतं, तुमच्या मंडळींना कळतं. हिला पण कळतं. म्हणूनच ती पाणी लावू नका म्हणाली. हे काम ज्याला हळद फक्त ताटात भेटते त्याचंच. आणि ह्या बाटलीला कुलूप असतं." मग त्याच लाल बशीत लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. रसायनांच्या कंपनीत साहेबांना हे मी शिकवावं! मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करते. अंगावर मूठभर मांस चढलं.

मेंदीवाला छताकडे बघत होता. साहेबांनी दोन्ही बश्या खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या. मग म्हणाले, "बरं. आता हा डाग जाईल का? संध्याकाळपर्यंत?" मी म्हटलं, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं साहेब. दोन दिवस ऊन लागेल." जोडीदारीण तेव्हा पहिल्यांदा बोलली. "नऊ तुकडे उचलायला लागतील," ती म्हणाली. तिने ते कधीच मोजून ठेवले होते.

आम्ही कामाला लागलो. तिचा पास साहेबांच्या टेबलावर, ती गेटवर दाखवायच्या एका चिठ्ठीवर आत. लिंबाच्या पाण्यात फडकं भिजवून, पिळून, डागावर दाबलं. लाल उतरून पिवळं झालं. मग साधं पाणी, थोडंसंच, आणि सुक्या फडक्याने टिपायचं, अंगाचा भार टाकून टिपायचं. कडेला पट्टी घालून एकेक तुकडा उचलला. प्रत्येकाच्या पाठीवर बाणाची खूण असते, लव कुठल्या दिशेला झुकलीय ते दाखवणारी. बसवताना तो बाण चुकला तर तुकडा उन्हात वेगळा चमकतो आणि सगळी जमीन ठिगळं लावल्यासारखी दिसते. जोडीदारणीने नऊच्या नऊ तुकड्यांची जागा नि दिशा डोक्यात ठेवली. कागदावर लिहायला मी पेन काढलं होतं, तिने हाताने नको म्हटलं. गच्चीवर नेऊन उन्हात ओळीने मांडले. हळदीचा पिवळा रंग उन्हापुढे टिकत नाही, हे हळदीचं फडकं वाळत घातलेल्या कोणत्याही बाईला विचारा. शुक्रवारी संध्याकाळी पिवळं अर्ध्यावर आलं. शनिवारी दुपारी तीनला मी वाकून वाकून शोधलं तर सापडेना.

मी हुशारीने फुगून साहेबांकडे गेले, तिलाही ओढत नेलं. म्हटलं, "डाग गेला. आता हिचा पास द्या." साहेब खूश झाले. पास उचलला आणि त्याबरोबर एक टाइप केलेला कागदही पुढे सरकवला. शाईचा पॅड शेजारीच उघडा. म्हणाले, "ह्यावर अंगठा द्या आणि पास घेऊन जा. ठेकेदाराकडे फाइल गेलीय, तिथे काहीतरी लागतं. नुसता उपचार आहे." मी कागद वाचला. "माझ्या निष्काळजीपणामुळे कार्पेटचे नुकसान झाले. यापुढे असे घडल्यास मला कामावरून कमी करावे." खाली तिचं नाव.

बश्यांचा खेळ बघून झाल्यावर हा कागद! म्हणजे खरं काय ते साहेबांना ठाऊक होतं, पण ठेकेदाराच्या माणसाला दुखवायचं नव्हतं. कागदाला नाव हवं होतं, तर ज्या नावाने कोणाचंच काही बिघडत नाही ते नाव घातलं होतं.

आणि मी काय केलं? ज्या बाईच्या तोंडाला कुलूप नाही, जिने सुपरवायझरला भाचा म्हटलं, त्या बाईने जोडीदारणीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "लाव गो अंगठा. कागदाला काय, चुलीत घालायचा कागद. पास मिळतोय ना हातात?"

ती म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचला, सावकाश.

"ह्यात माझं नाव हाय?"

"हाय."

"मंग हे मी केलं असं झालं."

"तसं नाय गो. आपल्याला माहीत हाय ना कोणी केलं ते."

"आपल्याला," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "नाय लावत." आणि दार उघडून गच्चीच्या जिन्याने वर गेली. पास टेबलावर तसाच.

साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, समजूतदार आहात. समजवा तिला." समजूतदार! ह्या शब्दाने मला चाबूक बसला. दुसऱ्याच्या अंगठ्यावर समजूत दाखवायला काय लागतं? मी म्हटलं, "समजूतदार आहे म्हणूनच निघाले," आणि मीही वर गेले. शूरपणा वगैरे काही नव्हता, सांगून ठेवते. पास माझाही जाऊ शकत होता, आणि घरी सासू आनंदाने ओवाळायला उभी राहिली असती.

गच्चीवर ती तुकड्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती. मी शेजारी बसले. तिने विचारलं नाही का आलीस म्हणून. एवढंच म्हणाली, "तो कागद हाय तवर हे खाली नाय जात."

थोड्या वेळाने मेंदीवाला आला. आमच्याकडे न बघता पाच तुकडे काखेत मारून खाली घेऊन गेला. मी उठायला लागले, तिने माझा हात धरून बसवलं. "बसवू दे त्याला," म्हणाली. बसवले त्याने. बाणाबिणाची त्याला काय वार्ता! एक तुकडा पूर्वेला, एक पश्चिमेला, एकाचा कोपरा वर आलेला. हॉलच्या मोठ्या खिडकीतून उतरतं ऊन आत यायचं, त्यात ते पाच तुकडे पाच वेगवेगळ्या घरचे दिसत होते, असं नंतर पॅन्ट्रीतल्या माणसाने आम्हाला पोट धरधरून सांगितलं. सोमवारी मोठे साहेब त्याच जागी बसणार होते.

साडेचारची बस गेली. आम्ही तिचा हॉर्न वरून ऐकला. पाचला साहेब स्वतः गच्चीवर आले. एका हातात पास, एका हातात तो कागद. धापा टाकत होते. "चला, उठा आता, हा घ्या पास," म्हणून त्यांनी हात लांब केला.

तिने पासाकडे बघितलं नाही. त्यांच्या पायांकडे बघितलं. ते एका तुकड्याच्या मधोमध उभे होते, बुटांसकट.

"सायेब, त्याच्यावरनं उतरा," ती म्हणाली.

साहेबांनी खाली बघितलं आणि चटकन बाजूला झाले. पोराने पाटावरून उतरावं तसे.

"आता तो कागद फाडा."

साहेबांनी कागद घडी करून खिशात घालायला घेतला. ती नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "खिशात नको साहेब. ती फाडा म्हणाली." त्यांनी फाडला. चार तुकडे केले. तिने उठून ते चारही तुकडे त्यांच्या हातातून घेतले, गच्चीवर कचरा नको म्हणून, आणि मग पास घेतला. गळ्यात घातला. म्हणाली, "त्याने बसवलेले पण उचलायला लागतील. अर्धा तास लागंल."

अर्ध्या तासात नऊच्या नऊ तुकडे जागेवर गेले. शेवटी तिने सगळ्या हॉलवरून व्हॅक्यूम फिरवला, पुढे भरभर, मागे सावकाश. आदल्या दिवशी डाग कुठे होता ते साहेबांना दाखवता आलं नसतं. मेंदीवाल्याला कोणी काही बोललं नाही, तोही आम्हाला काही बोलला नाही. सोमवारपासून त्याने मला बाई म्हणायला सुरुवात केली. मावशीपेक्षा बरं.

आम्ही रोह्याहून पेणची एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली. माझा तोरा काय विचारता! अजूनही मी तावातावाने बोलतच होते, कसा उतरला साहेब, कसा फाडला कागद, आता कोण आपल्या वाटेला जातंय बघू. ती बाहेर बघत होती. नागोठणं मागे पडलं तरी माझं चालूच. मग ती म्हणाली, "तू मला अंगठा लाव म्हणालीस."

तोंडावर कोणी पाणी मारावं तसं मला झालं.

"भ्याले गो," मी म्हटलं. "तुझा पास जाईल, तू भट्टीवर जाशील, म्हणून भ्याले."

"मी पण भ्याले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुझं नाव असतं त्या कागदावर, तर मी तुला म्हणाले असते काय, सही कर?"

तिचा थांबा आला. ती उठली, पिशवी उचलली, उतरली. गाडी सुटली तरी मी मागे वळून बघत होते. म्हणाली नसती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.